भोंगा वाजला नाही

आत-बाशी, १९ जून

बिश्केकच्या शहाण्या पोरास,

जेंगेनं, म्हणजे भावजयीनं, दिराचं नाव घ्यायचं नाही, म्हणून या घरात सून होऊन आले तेव्हा तुला 'शहाणा पोर' म्हणायला लागले. तू तेव्हा सात वर्षांचा होतास आणि ते नाव तुला शोभायचं.

तीन दिवसांत सात वेळा फोन केला. एकदाच उचललास आणि "मीटिंगमध्ये आहे, जेंगे" म्हणून ठेवून दिलास. आता हे पत्र जुमाशच्या मिनीबसमधून पाठवते आहे. तो ते तुझ्या हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही, असं त्याला बजावलंय. उत्तर कागदावरच दे. तोंडी बोललास की चार दिवसांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतोस.

१४ तारखेला दुपारी चारच्या सुमारास वरच्या कुरणावर आधी गारा पडल्या आणि मग बर्फ. ओस्मोनकुल अबांच्या कळपाची लोकर दोनच दिवसांपूर्वी उतरवली होती. उघड्या अंगाच्या मेंढ्या भिजल्या आणि उबेसाठी एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरल्या, वरच्या गारठल्या. त्रेसष्ट गेल्या. मी जनावरांची डॉक्टर, तेव्हा वर जाऊन प्रत्येकीचा कान उलटून बिल्ला वाचायचं काम माझ्याच वाट्याला आलं. मेंढ्या अबांच्या नव्हत्या. चाळीस घरांनी त्यांच्या भरवशावर सोडलेल्या होत्या.

आता तुझ्याकडे येते. आपल्या मेंढपाळांच्या 'कोयचू' अ‍ॅपवर थंडीची सूचना आली की फोन गप्प ठेवलेला असला तरी ट्रकसारखा भोंगा वाजायला हवा. अबांना एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून तर 'मोठा आवाज' हा खटका ठेवला होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून, मी तळलेली बोरसोक खात तू ते सेटिंगचं पान केलंस. अबांच्या फोनमध्ये तो खटका मी माझ्या हातानं चालू केला होता. त्या दिवशी सूचना आली, पण भोंगा वाजला नाही. वाजला असता तर अबांना चार तास मिळाले असते, आणि कळप दगडी वाड्यात आणायला एक तास पुरतो.

शुक्रवारी गावाची बैठक आहे. तिथं मी काय सांगायचं, तेवढं लिही. तुझी खुशाली नको.

कालिपा


बिश्केक, २० जून

कालिपा जेंगे,

जुमाशनं ऑफिसच्या फाटकात गाडी आडवी घातली आणि मी खाली येईपर्यंत हॉर्न वाजवत बसला. आमचे साहेब खिडकीत येऊन बघत होते. असं पुन्हा करू नका.

नोंदी तपासल्या. सूचना ११ वाजून ४० मिनिटांनी इथून सुटली आणि मिनिटभरात अबांच्या फोनवर पोचली. तिथं 'मोठा आवाज' बंद होता. म्हणजे फोननं त्याला जे सांगितलं होतं तेच केलं. अबांचं वय बहात्तर, बोटं जाड, फोन दिवसभर कोटाच्या खिशात. बोट लागलं असेल. नाहीतर नातवंडांनी खेळताना बंद केला असेल. आमच्याकडून चूक नाही. बैठकीत हेच सांगा.

मी 'कोयचू' विसरलो असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता, म्हणून हेही ऐका. मे महिन्यात मी त्याचं अख्खं सेटिंगचं पान नव्यानं केलं. पूर्वी एक खटका वाढवायचा म्हटलं तरी पाच ठिकाणी लिहावं लागायचं. पानावरचं नाव वेगळं, खालची समजावणीची ओळ वेगळी, माणसाची निवड साठवायची वेगळी, परत वाचायची वेगळी. पान पुरं व्हायला आठवडा जायचा. आता मी असं साधन तयार केलंय की नुसती यादी लिहायची, एका ओळीत एक सेटिंग, आणि पान आपोआप उभं राहतं. 'कोयचू'चं पान मी जेवणाआधी सुरू केलं आणि चहापर्यंत संपवलं. कंपनीला ते इतकं आवडलंय की ५ ऑगस्टला अल्माटीत दोनशे अ‍ॅप करणाऱ्यांसमोर मी ते दाखवणार आहे. तुमच्या गावातल्या कुणाला यातलं काही कळलं नाही तरी चालेल.

उलार


आत-बाशी, ८ जुलै

उलार,

हो, नाव लिहिलंय. चुकून नाही.

बैठकीत मी तुझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. अबा टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी त्या खटक्याला हात लावला नाही. मला तो खटका कुठं असतो तेच माहीत नाही." मी म्हणाले, "अबा, नोंदीत दिसतंय. फोन खोटं बोलत नाही." एवढं बोलून मी खाली बसले. बसताना मला बरंही वाटलं, कारण गावात ते अ‍ॅप मी आणलेलं आणि आता बोट माझ्याकडे नव्हतं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला झेपत नाही तर सोडावं त्यानं." दुसऱ्याच दिवशी लोक वर जाऊन आपापल्या मेंढ्या वेगळ्या करून घेऊन आले. अबांनी एकेकाला त्याची मेंढी ओळखून काढून दिली, बिल्लासुद्धा न बघता. सत्तेचाळीस उन्हाळे त्यांनी गावाचा कळप राखला. आता घराच्या ओट्यावर बसून दोर वळतात. मी घोडीच्या दुधाचं कुमिस पाठवलं, तर त्यांच्या बायकोनं, बूबूश आपांनी, भांडं झाकणसुद्धा न काढता परत पाठवलं.

आता पुढचं वाच. या आठवड्यात मी लसीसाठी चार कुरणं फिरले. प्रत्येक मेंढपाळाचा फोन मागून घेतला. चारही फोनांत 'मोठा आवाज' बंद. चारही फोनांत भाषा किर्गिझची रशियन झालेली. त्या चौघांच्या फोनांत किर्गिझ भाषा मी स्वतः लावली होती, कारण त्यातल्या दोघांना रशियन वाचता येत नाही. चार माणसं, चार डोंगर, आणि चौघांची जाड बोटं नेमकी त्याच दोन खटक्यांना लागली?

तुझं ते चहापर्यंत झालेलं पान आणि हे, यांचा संबंध काय? सरळ लिही.

कालिपा


बिश्केक, ११ जुलै

जेंगे,

सरळ विचारलंत, सरळ सांगतो. पण आरडाओरडा न करता वाचा.

माणसानं सेटिंगमध्ये काही निवडलं की फोन ते एका नावाखाली जपून ठेवतो. धान्याच्या डब्यावर चिठ्ठी लावतात तसं. जुन्या पानात ती नावं मी हातानं दिली होती, वेडीवाकडी. नवं साधन यादीवरून स्वतःच नीटनेटकी नावं देतं. नवं पान फोनवर गेलं, त्यानं नव्या नावाचा डबा शोधला, तो सापडला नाही. मग काहीच निवडलेलं नसताना जे धरायचं ते त्यानं धरलं. भाषा रशियन, मोठा आवाज बंद. आवाज बंद मी ठेवला होता, कारण शहरात मेंढ्या पाळणाऱ्या हौशी लोकांनी भोंग्याबद्दल तक्रारी केल्या होत्या. जुनी निवड पुसली गेली नव्हती. फोनमध्येच होती, फक्त तिला कुणी विचारलं नाही.

बारीक गोष्ट आहे. चार ओळींत दुरुस्त होते. अशा गोष्टी सगळ्यांच्या हातून होतात.

एक विनंती आहे. ५ ऑगस्टपर्यंत हे कुठे बोलू नका. त्या दिवशी तिथं माझी कंपनी, तिचे मालक आणि परदेशातले दोन पाहुणे असणार आहेत. त्यानंतर मी स्वतः गावाला कळवीन.

आणि एक विचारतो. त्या दिवशी तुमच्याही फोनवर सूचना आली असेल. तुम्ही कुठे होतात?

उलार


आत-बाशी, १५ जुलै

उलार,

हे तुला कधी कळलं, ते तू लिहिलेलं नाहीस. मी लिहिते. तुझी चुलतबहीण जीबेक सुट्टीला आली आहे. ती तुझ्याच मजल्यावर काम करते. ती म्हणाली, तुझ्या साधनाच्या चुकांच्या यादीत "जुन्या निवडी हरवतात" हे २३ जूनला तुझ्याच नावानं नोंदलेलं आहे. आमची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी होती. एक फोन केला असतास तरी अबांना टोपी हातात धरून उभं राहावं लागलं नसतं. मी सात वेळा फोन करू शकते, तर तुला एकदा जमलं नाही?

आणि तू मला "बोलू नका" सांगतोस. "बारीक गोष्ट" म्हणतोस. इथं ये आणि बूबूश आपांसमोर हा शब्द म्हणून दाखव. डबा, चिठ्ठी, नाव, हे सगळं मला समजलं. मी इतकी वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते आहे. डब्यांची नावं बदलली तर जुन्या डब्यातलं नव्यात ओतावं लागतं, हे आमच्या दवाखान्यातल्या सफाईवालीलाही कळतं. पाच ठिकाणी लिहायचे तुझे कष्ट वाचले, त्याची किंमत वरच्या कुरणावर मोजली गेली.

मी कुठे होते म्हणून विचारतोस. भाचीच्या लग्नाच्या तोईत होते. दीडशे माणसांचं जेवण होतं. फोन पिशवीत होता. आता मिळालं उत्तर?

तू इथं यायचंस. बैठक मी बोलावते. मी जिथं उभी राहिले होते तिथंच उभं राहून तू सांगायचंस. तुझा भाऊ रशियात ट्रक चालवतोय, त्याला यातलं काही कळवलेलं नाही. आला नाहीस तर तेही करीन.

कालिपा


बिश्केक, १८ जुलै

जेंगे,

मी येणार नाही. नवी आवृत्ती काल पाठवली. जुन्या निवडी परत आल्या आहेत, भोंगा चालू आहे, भाषा किर्गिझ आहे. कुठलाही फोन घेऊन बघा. प्रकरण संपलं.

भावाला कळवायचं असेल तर कळवा. पण सगळं कळवा. हे दुरुस्त करताना मी १४ जूनच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. सूचना कोणत्या फोनवर कधी उघडली, तेही त्यात असतं. अबांनी ती संध्याकाळी साडेसहाला उघडली. आत-बाशीतल्या एका फोनवर ती ११ वाजून ४२ मिनिटांनी उघडलेली आहे. तो फोन तुमचा आहे.

तोईत असताना पिशवीतला फोन आपण होऊन उघडला का? तुम्ही वाचलीत. तुम्हाला अबांचा नंबर पाठ आहे. तुम्ही फोन केला नाहीत.

तुम्ही गप्प राहा, मी गप्प राहतो. दोष द्यायला गावाला एक म्हातारा पुरेसा आहे.

उलार


आत-बाशी, २ ऑगस्ट

उलार,

तुझं पत्र पंधरा दिवस उशीखाली होतं. जुमाश दोनदा विचारून गेला, "उत्तर आहे का?" मी नाही म्हणाले.

मी सूचना वाचली होती. मांडवात बसले होते, समोर बेशबर्माकचं ताट होतं. फोन थरथरला. माझाही भोंगा वाजला नाही, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी वाचलं, "दुपारनंतर तीव्र थंडी, गारा." मनात म्हणाले, वर सगळ्यांचे भोंगे वाजत असतील, अबा कळप हाकत असतील. फोन परत पिशवीत टाकला. विहीणबाई गाणं म्हणायला उभ्या राहिल्या होत्या. तुझं ते अ‍ॅप नव्हतं तेव्हाच्या गोष्टी सांगते. तेव्हा नुसतं पश्चिमेला आभाळ दाटलं तरी मी घोड्यावर मांड ठोकायची. त्या दिवशी एक बटण दाबलं नाही. बैठकीत "फोन खोटं बोलत नाही" म्हणाले तेव्हा हे मला ठाऊक होतं.

तू मला सौदा दिलास. तो मला आवडला, हेही लिहिते, म्हणजे मी फार चांगली आहे असा तुझा गैरसमज होऊ नये. दहा-बारा दिवस मी तो मनात धरून होते. सकाळी दवाखाना, संध्याकाळी घर, अबांच्या ओट्यावरून जायचं टाळायला नदीकाठची लांबची वाट. मग एक दिवस त्या वाटेवर बूबूश आपाच भेटल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, ही वाट तुम्हाला लांब पडत नाही का?" टोमणा होता की साधा प्रश्न, कळलं नाही.

काल मी त्यांच्या घरी गेले. उंबऱ्याच्या आतही गेले नाही. ओट्याखाली उभी राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुझं पान आणि माझा फोन. अबा दोर वळत होते. सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. मी थांबले. ते म्हणाले, "अजून काही?" मी नाही म्हणाले. मग संध्याकाळी मशिदीबाहेर जमलेल्या माणसांना सांगितलं, आणि बायकांना मी सांगायची गरज पडली नाही.

आता तुझ्याजवळ माझ्याविरुद्ध काही उरलेलं नाही. जा, अल्माटीला दाखव तुझं साधन. टाळ्या मिळतील.

कालिपा


बिश्केक, १२ ऑगस्ट

कालिपा जेंगे,

टाळ्या मिळाल्या.

रिकाम्या पडद्यावर मी बारा ओळींची यादी लिहिली आणि दोन मिनिटांत सेटिंगचं पान उभं राहिलं. लोक उभे राहून फोटो काढत होते. मग मागच्या रांगेतून एका कझाक बाईनं विचारलं, "आमचं अ‍ॅप रक्तातली साखर मोजणाऱ्यांसाठी आहे. तुमचं साधन वापरलं तर आमच्या लोकांनी आधी निवडलेल्या गोष्टींचं काय होतं?" मी म्हणालो, "काही होत नाही. सगळं जागच्या जागी राहतं." तुमच्याकडे गेलेल्या आवृत्तीपुरतं ते खरं होतं. पण साधनात मी ती दुरुस्ती केलेली नव्हती, फक्त 'कोयचू'मध्ये केली होती, कारण साधनात केली असती तर यादीच्या प्रत्येक ओळीत अजून एक गोष्ट लिहावी लागली असती आणि "एका ओळीत एक सेटिंग" असं म्हणता आलं नसतं. बाईंनी आभार मानले. काहीतरी टिपून घेतलं.

रात्रीचं जेवण होतं. मी गेलो नाही. त्या बाईंना शोधलं, त्या निघून गेल्या होत्या. आयोजकांकडून पत्ता घेऊन त्यांना लिहिलं की मी खोटं बोललो, साधन वापरू नका. मग कंपनीलाही लिहिलं. आता साधन जुनी नावं सापडली नाहीत तर पान उभंच करत नाही. करणाऱ्यानं आधी सांगायचं, कुठल्या डब्यातलं कुठं ओतायचं. माझ्या गटातला एकजण म्हणाला, "सोपं करायला घेतलं होतंस ना? हे तर पहिल्यासारखंच झालं." साहेबांनी माझ्याकडून ते काम काढून घेतलंय.

८ तारखेला मी आत-बाशीला आलो होतो. तुमच्या घरी आलो नाही. तुमचं तोंड बघायची इच्छा नव्हती, अजूनही नाही. तुम्ही माझ्या आधी सांगून टाकलंत, यासाठी मी तुम्हाला इतक्यात माफ करणार नाही.

अबांनी मला आत बोलावलं. मी सांगितलं, "बोट तुमचं नव्हतं, माझं होतं. आणि २३ तारखेला मला कळलं होतं." त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मग म्हणाले, "बस. भाकर तोड." बूबूश आपांनी चहा ओतला. मग अबांनी फोन पुढे केला. "तो खटका कुठं असतो, दाखव. इतकं ऐकलंय त्याच्याबद्दल." मी दाखवला. त्यांनी तो तीनदा बंद करून चालू केला, आणि चालू ठेवला.

उलार


आत-बाशी, २७ सप्टेंबर

उलार,

कळप खाली आले. पुढच्या वसंतात गावाच्या मेंढ्या पुन्हा ओस्मोनकुल अबांकडे द्यायच्या, असं बैठकीत ठरलं. ज्यानं "झेपत नाही तर सोडावं" म्हटलं होतं, त्यानंच पहिला हात वर केला. अबा म्हणाले, "माझे गुडघे वसंतात काय म्हणतात ते बघू." पण त्यांनी नवा दोर कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला मी पाहिला.

गावात तुझं कौतुक चाललंय. शहरातला पोरगा, एवढ्या लांबून येऊन म्हाताऱ्यासमोर उभा राहिला, म्हणतात. बूबूश आपा तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणतायत. मला हे ऐकवत नाही. तू दीड महिना गावासमोर गप्प राहिलास, मला धमकी दिलीस, आणि एका दुपारच्या चहानं धुऊन निघालास. तू निदान आलास, एवढं मी मान्य करते. याहून जास्त माझ्याकडून लिहून होणार नाही. तुझ्या भावाला मी सगळं कळवलं, दोघांचंही.

आता लसीचे दिवस आहेत. गावातला प्रत्येकजण जनावरं घेऊन माझ्या दवाखान्याच्या आवारात येतो. सोमवारी सकाळी अबा स्वतःच्या मेंढ्या घेऊन निघालेले दिसले. मी फाटक उघडून उभी राहिले. ते फाटकावरून पुढे गेले. मी मागून गेले, पुलाजवळ गाठलं. म्हणाले, "अबा, लस माझ्याकडे आली आहे. ताजी आहे. कुठं निघालात?"

"काझीबेकला."

"तिथला डॉक्टर चौदा किलोमीटरवर आहे. आणि त्याचा हात जड आहे."

"असू दे."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. म्हणाले, "उलारला तुम्ही घरात घेतलंत. भाकर दिलीत. खटका तर त्यानं बंद केला होता."

ते थांबले. रागावलेले नव्हते. मला समजावं म्हणून सावकाश बोलले. "तो पोरगा बिश्केकात बसला होता. त्याला इथलं आभाळ दिसत नव्हतं. तुला दिसत होतं."

पुलावर रस्ता अरुंद आहे. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि मेंढ्यांना वाट दिली. अकरा होत्या. एक मागच्या डाव्या पायानं जरा लंगडत होती, खुरात काहीतरी असणार. मी सांगायला तोंड उघडलं, पण अबांनी ते आधीच पाहिलं होतं. खाली वाकून त्यांनी तिचा पाय हातात घेतला.

कालिपा